खुर्चीची सावली

सरांनी उभ्या नोकरीत मुलांना एक गोष्ट सांगून सांगून जेरीस आणलं होतं : हातात पट्टी घेण्याआधी काय मोजायचं आहे ते ठरवा. तास भूमितीचा असो की विज्ञानाचा, हे वाक्य ठरलेलंच. मागच्या बाकावरची मुलं तर ते सरांच्या आधीच पुटपुटायची. त्याच सरांच्या हातून, डोक्याचे केस पांढरे झाल्यावर, पट्टी हातात असतानाच ती चूक झाली. आणि झाली तीही स्वतःच्या घराच्या गच्चीवर.

घर लहानसंच होतं. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर एक खोली आणि तिच्या दाराशी लागून उघडी गच्ची. वरच्या खोलीत बाईंचा पलंग होता. बाई म्हणजे सरांची बायको. त्याच शाळेत त्या गाणं शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. गेल्या काही वर्षांत त्यांची फुप्फुसं जुन्या चामड्यासारखी ताठ होत चालली होती. हवेतला प्राणवायू गाळून नळीनं नाकाला देणारं एक यंत्र पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरत असे. नळी लांब होती. दारातून गच्चीत पोहोचायची. थंडीच्या दिवसांत जेवणं झाली की बाई शाल गुंडाळून गच्चीच्या कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत बसायच्या. बाकी गच्चीवर कधी टाकीची सावली, कधी शेजारच्या भिंतीची. त्या कोपऱ्यात मात्र ऊन शेवटपर्यंत टिकायचं.

"हे यंत्र बेसूर आहे हो," बाई म्हणायच्या. "सगळा जन्म पोरांचे सूर जुळवण्यात गेला, आणि शेवटी कानाशी हे!"

"बेसूर असू दे, पण तालात आहे ना?" सर विचारायचे.

"तालात आहे. तुमच्यासारखंच. थांबायचं नाव नाही."

पण एका दुपारी ते थांबलं. वीज गेली तेव्हा सर खाली दारात कुणाशी तरी बोलत होते. पंखा थांबला, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. वरून भांडं पडल्याचा आवाज आला तेव्हा ते धावले. बाईंनी मुद्दाम पेला खाली ढकलला होता, कारण हाक मारायला छातीत हवाच उरली नव्हती. अडीअडचणीसाठी खोलीत ठेवलेल्या प्राणवायूच्या सिलेंडरची चावी घट्ट बसली होती. सरांचे हात तिच्यावरून घसरत होते. चावी फिरली तेव्हा बाईंचे ओठ जांभळे झाले होते.

त्या रात्री सर झोपले नाहीत. सकाळी उठून त्यांनी सोलरवालीला फोन केला.

सोलरवाली त्यांचीच विद्यार्थिनी. वर्गात तिची बडबड कधी थांबायची नाही, म्हणून सरांनी तिचं नाव खडखडी ठेवलं होतं. आता ती घरोघरी गच्चीवर सौर पॅनेल बसवून द्यायची, आणि बडबड तशीच होती. आल्या आल्या तिनं बाईंच्या पाया पडून घेतलं, गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या आणि सरांना म्हणाली, "सर, घाई करू नका. आधी गच्चीवर सावली कुठे कुठे पडते ते नीट बघा. पॅनेलचा खरा वैरी ढग नाही, सावली."

"हे तू मला शिकवणार?"

"मीच शिकवणार. फी नाही घेणार, घाबरू नका."

सरांना काम मिळालं. शेजारच्या दोघी बहिणी, ताई आणि ठमी, रोज त्यांच्याकडे गणित करायला यायच्या. सरांनी त्यांच्या हातात खडू दिले. टाकीची सावली, कठड्याची सावली, शेजारच्या भिंतीची सावली. सूर्य सरकेल तशी पोरींनी कडेनं रेघ ओढायची आणि सरांनी फूटपट्टी लावायची. गच्चीची मोठी पाटीच झाली.

"सर, सावली पळते का?" ठमीनं विचारलं.

"सावली कशाला पळेल? पळतो आपण, पृथ्वीच्या पाठीवर बसून. ती बिचारी एका जागी राहायचा प्रयत्न करत असते."

एके दुपारी ठमीनं खुर्चीत बसलेल्या बाईंच्या सावलीभोवतीही रेघ ओढली. डोकं, शाल घेतलेले खांदे, खुर्चीचे पाय, सगळं. बाई कौतुकानं बघत होत्या.

"अगं, ती नको," सर म्हणाले. "ती कायमची नाही. मोजमापात चूक येईल." त्यांनी ओल्या फडक्यानं ती रेघ पुसली. मग बाईंकडे वळून म्हणाले, "तू जरा खुर्ची आत घेतेस का? तुझी सावली पडतेय."

बाई उठल्या. नळी गोळा करत हळूहळू आत गेल्या.

मग सोलरवाली नमुन्याची दोन पॅनेलं घेऊन आली. एक निळसर, काचेत चुरगळलेल्या कागदासारखी नक्षी असलेलं. दुसरं काळंभोर, सपाट. तिनं दोन्ही कठड्याला टेकवून ठेवली आणि सांगायला लागली. निळं स्वस्त, जुन्या पद्धतीचं, पण तेवढीच वीज हवी तर जास्त जागा खाणार. काळं महाग, पण कमी जागेत जास्त देणार. उन्हानं तापलं तरी निळ्याइतकं दमणार नाही. आणि वीज गेल्यावरही यंत्र चालायला हवं, म्हणून जिन्याखाली बॅटरी आणि तिचा डबा हवाच. त्याशिवाय नुसती पॅनेलं म्हणजे देखावा. तारेची वीज गेली की साधी पॅनेलं आपणहून बंद पडतात, खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून.

सरांनी प्रश्न विचारून तिला भंडावून सोडलं. धुळीचं काय, वाऱ्याचं काय, काचेवर चेंडू पडला तर काय.

"आणि हमी पंचवीस वर्षांची," ती म्हणाली.

खोलीतून बाईंचा आवाज आला, "माझी कोणी देतंय का गं? निम्मी दिली तरी चालेल."

सोलरवाली एकदम गप्प झाली. तिला गप्प बसलेलं सरांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"काळीच घेऊ," सर म्हणाले. "किती मावतात?"

तिनं खडूच्या रेघांकडे पाहिलं. "हा कोपरा धरला तर सगळी ओळ पुरी बसते. सर्वांत चांगलं ऊन तिथंच आहे. तो सोडला तर शेवटचं पॅनेल बसणार नाही. मग थंडीत, ढगाळ दिवसांत, बॅटरी जरा तोकडी पडेल."

"सोडायचा कशाला? धरायचा," सर म्हणाले. "खुर्ची खिडकीशी ठेवू. काचेतून ऊन येतंच की."

ठरलं. सोलरवाली नमुने तिथेच ठेवून गेली; दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून नेणार होती. सरांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. त्यांनी दोघांसाठी चहा केला आणि बाईंच्या पलंगापाशी बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं. किती पॅनेलं, किती बॅटरी, वीज गेली तरी यंत्र किती तास चालेल. वर्गात धडा संपवावा तसं त्यांनी विचारलं, "काही शंका?"

बाईंनी बशीत चहा ओतला. फुंकर घालायला दम नसायचा, म्हणून त्या तो आपोआप निवण्याची वाट बघायच्या.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी श्वास साठवून ठेवताय, हे कळतंय मला. पण तो मी घ्यायचा कुठे बसून?"

"म्हणजे?"

"या खोलीत मी सकाळपासून छत बघत असते. ऊन कोपऱ्यात येईल, मग मी उठेन, एवढ्यावर माझा दिवस चालतो. ते ऊन तुम्ही डब्यात भरणार आणि मला नळीनं देणार."

"अगं, त्या दुपारी काय झालं ते विसरलीस का? माझे हात..."

"विसरले नाही. तुम्ही घाबरलात, मीही घाबरले." त्या दम घ्यायला थांबल्या. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. "पण तुम्ही टाकीची सावली धरलीत, कठड्याची धरलीत. माझी तेवढी पुसलीत. कायमची नाही म्हणालात. खरंच आहे. पण अजून आहे ना मी?"

सर उठले. रिकामा कप घेऊन ते गच्चीत आले. ऊन कलायला लागलं होतं. खडूच्या रेघांवर रेघा चढल्या होत्या, आणि धुळीनं भरलेल्या त्या फरशीवर एकच जागा लख्ख दिसत होती. ओल्या फडक्यानं पुसलेली. खांद्यांचा आणि डोक्याचा आकार त्या स्वच्छपणातसुद्धा थोडा थोडा ओळखू येत होता. आपण काय मोजत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. ते गच्ची मोजत होते, आणि गच्ची जिच्यासाठी मोजायची तिला बाजूला व्हायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची बाहेर काढली. "चल," म्हणाले. "बस तुझ्या जागी. मला तुझी सावली हवी आहे."

"आज काय झालं?"

"बस तर खरं."

बाई बसल्या. ताई आणि ठमी पाटीदप्तर टाकून धावत आल्या. सरांनी खुर्चीच्या मागे आधी निळा नमुना उभा केला. बाईंची सावली त्याच्या खालच्या भागावर आडवी पसरली. विजेचा दाब नि प्रवाह मोजणाऱ्या यंत्राच्या तारा त्यांनी जोडल्या. काटा घसरला आणि जवळजवळ तळाशी जाऊन बसला.

"मेलं?" ठमीनं विचारलं.

"जवळजवळ. का ते सांगतो. समजा विहिरीपासून घरापर्यंत तुम्ही पोरं एका रांगेत उभी आहात, आणि बादली हातोहात पुढे जाते आहे. मधल्या एकीनं हात खाली सोडले, तर?"

"बादली तिथंच अडकेल."

"बरोबर. मागचे कितीही जोरात असले तरी." मग त्यांनी काळा नमुना त्याच जागी ठेवला. काटा खाली आला, पण निम्म्यावर थांबला. सरांनी तारा हलवून बघितल्या, काचेवरून हात फिरवला. काटा निम्म्यावरच. "याच्यात दोन रांगा आहेत," ते सावकाश म्हणाले. "वरची वेगळी, खालची वेगळी. खालची बसून राहिली तरी वरची बादल्या देत राहते."

त्यांनी सोलरवालीला फोन लावला. शेवटचं पॅनेल थोडं मागे सरकवून खुर्चीच्या पाठीमागे बसवता येईल का, म्हणजे कोपऱ्यातली जागाही राहील?

"बसवता येईल की. पण सर, त्याच्यावर रोज दुपारी सावली पडणार!"

"माहीत आहे. निम्मं जाईल."

"मुद्दाम सावलीत पॅनेल? लोक मला वेड्यात काढतील."

"काढू दे. आम्ही दुपारी फ्रिज आणि पंखा बंद ठेवू. यंत्रापुरतं पुरतं, मी हिशेब केलाय."

मग ती म्हणाली, "बाईंची जागा ना ती? मला कालच विचारायला हवं होतं."

पॅनेलं बसली. जिन्याखाली बॅटरीचा डबा आला आणि त्यावर पॅनेलांतून किती वीज येतेय त्याचा आकडा दाखवणारा छोटा पडदा. वीज अधूनमधून जायची, पण वरची घरघर थांबत नसे. सर खाली भांडी घासत असले, मुलींची गणितं तपासत असले, तरी त्यांची एक नजर पडद्यावर असायची. जेवणं झाली की थोड्या वेळानं आकडा जरासा खाली यायचा. वर कुणी हाक मारलेली नसायची, खुर्चीचा आवाज आलेला नसायचा. आकडा उतरला की सर स्वतःशीच म्हणायचे, बसली. उन्हं उतरायच्या आधी तो पुन्हा किंचित चढला की म्हणायचे, उठली. मग चहा ठेवायचे.

अशी एक थंडी गेली. उन्हाळा गेला. दुसऱ्या थंडीच्या सुरुवातीला बाई गेल्या. वीज गेली म्हणून नव्हे. यंत्र चालूच होतं, तालात. त्यांनाच ते पुरेनासं झालं होतं. शेवटच्या दुपारी त्या उठू शकल्या नाहीत, तेव्हा सरांनी दार सताड उघडलं आणि पलंग ओढून उंबऱ्यापर्यंत आणला. ऊन त्यांच्या पायांवर आलं.

माणसं येऊन गेली. यंत्र दवाखान्यातल्या दुसऱ्या कुणासाठी गेलं. पोरींनी कुणी न सांगता वेताची खुर्ची जिन्याखाली नेऊन ठेवली.

काही दिवसांनी सर दुपारी भांडी घासत होते. सवयीनं त्यांनी पडद्याकडे पाहिलं. आकडा चढलेला होता. त्यांनी हात पुसले आणि वाट बघितली. आकडा खाली आला नाही. शेवटचं पॅनेल आता पुरं, सबंध उन्हात होतं, आणि घरात तेवढी वीज लागणारं काही उरलं नव्हतं.

मग त्यांनी जिन्याखालून खुर्ची ओढून काढली, खांद्यावर घेतली आणि एकेक पायरी थांबत वर नेली. कोपऱ्यात, तिच्या जागी ठेवली. धापा लागल्या होत्या, म्हणून ते तिच्यात बसले.

ठमी वही घेऊन वर आली. खुर्चीकडे, सरांकडे, मग मागच्या पॅनेलकडे तिनं पाहिलं.

"सर, सावली पडतेय," ती हळूच म्हणाली.

"दिसतेय मला," सर म्हणाले. "खडू आहे का तुझ्याकडे?"

तिच्याकडे होता. ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि खुर्चीच्या पायापासून रेघ ओढायला लागली.