रिकाम्या करवंटीवर

मी बोकड बोलतोय. मोंबासाच्या जुन्या शहरात माझ्याइतकं खोबरं कुणी खाल्लं नसेल. खाल्लं म्हणजे आपलं चावलं. गिळायला मला पोट कुठंय? कात्रीसारखे मिटणारे पाय, बसायला वीतभर फळी, पुढे काढलेली मान आणि मानेच्या टोकाला लोखंडी दात, एवढाच मी. नारळाची खोवणी. पण मान लांब आणि दात पुढे म्हणून या किनाऱ्यावरच्या बायकांनी आमच्या अख्ख्या जातीला बोकड करून टाकलं. मग मीही डोक्यावर शिंगं असल्यासारखा वागू लागलो.

जन्म माझा लामू बेटावरचा. मोडलेल्या गलबताच्या फळीतून एका म्हाताऱ्या सुतारानं मला काढलं. त्याच्या भिंतीपलीकडे कुराणाची शाळा होती. पोरं दिवसभर डोलत डोलत अक्षरं घोकायची, तीच माझी शाळा. पाचव्या अक्षरापर्यंत पोचलो आणि विकला गेलो. तेव्हा बोलण्यात काही वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घ्या, शिक्षण अपुरं राहिलंय.

दात बसवल्यावर सुतारानं धार बघायला अंगठा फिरवला आणि मी लगेच चावलो. तो अंगठा चोखत हसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, हा ज्या घरी जाईल तिथल्या सुनेची परीक्षा घेणार.

घेतलीच मी. झुहराच्या आईनं मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं. नव्या नवरीबरोबर पेट्या, चटया, अत्तरं आणि मी, असे आम्ही होडीतून मोंबासाला आलो. सासरी पहिल्याच दिवशी ती माझ्यावर बसली आणि मी पाय मिटून घेतले. नवरी आडवी. सासू हसली, नणंदा हसल्या, भिंतीपलीकडून एक पोरगी डोकावत होती ती तर पोट धरून हसली. ती मैमुना. शेजारच्या घरात महिन्याभरापूर्वीच सून होऊन आलेली. तिनंच झुहराला हात देऊन उठवलं आणि माझ्या पाठीवर एक चपराक हाणली. त्या दोघींची ओळख ही अशी, माझ्या पायगुणानं. पुढे त्या एकमेकींशी भांडल्या, रुसल्या, दोघीही विधवा झाल्या, पण परसातलं मधलं दार काही बंद झालं नाही.

मला माणसाळवलं ते झुहरानंच. ती एका अंगानं बसायची, गुडघे जुळवून, आणि नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून अशी फिरवायची की माझ्या दाताला नुसतं पांढरंच लागावं. तपकिरी सालीपाशी आली की हात थांबलाच. “दात करवंटीला लागला तर रस्सा रडतो,” असं ती सुनेला, रुकियाला, शिकवायची. मी उभा जन्म तिच्या हातचं पांढरं खाल्लंय. इतकं चांगलं तर सुलतानाच्या बोकडानंही खाल्लं नसेल.

आमचा आवाज गल्ली ओळखायची. थोडा वेळ खरखर झाली की आज घरच्यापुरता भात. लांबली की पाहुणे. मग कोपऱ्यावरचा कॉफीवाला न सांगता कप विसळायला घ्यायचा, आणि समोरचा शिंपी जेवायच्या वेळेला काहीतरी विचारायचं निमित्त काढून दारात यायचा. त्याला बटणांचा रंग बरोबर भाताच्या वाफेलाच आठवायचा.

आणि कोंबड्या. मैमुनाच्या कोंबड्या माझी खरखर ऐकली की मधल्या दारातून आत यायच्या आणि उंबऱ्यापाशी रांगेत उभ्या राहायच्या. कारण आमच्याकडची रीत अशी, की कीस पाण्यात कुस्करून माडाच्या पातींच्या विणलेल्या पिशवीतून पिळायचा. पहिलं दूध जाड, ते रश्शाला. दुसरं पातळ, ते भाताला. आणि उरलेला चोथा शेजारच्या कोंबड्यांना. चोथा तिकडे जायचा, अंडी इकडे यायची. कुणी कधी मोजलं नाही.

झुहराच्या कोंबडीच्या रश्शाचं कौतुक मी आपल्या तोंडानं काय सांगू? सांगतोच. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि लिंबू चोळून ती कोंबडी आधी निखाऱ्यांवर भाजायची, कडा काळ्या होईपर्यंत. मग कांदा-टोमॅटोचा मसाला, त्यात हळद, त्यात भाजलेली कोंबडी, आणि सगळ्यात शेवटी जाड दूध. दूध घातलं की पळी थांबवायची नाही, नाहीतर ते फाटतं. वरून मैमुनाची उकडलेली अंडी. बाजूला भात शिजत असायचा, झाकणावरही निखारे ठेवलेले, म्हणजे वरून खालून सारखी आच. त्या वासानं मशिदीतून घरी निघालेली माणसं गल्ली चुकायची.

असं नाव झालं की जीभही वाढते. झुहराची वाढली. बाजारात नारळाचं खोक्यातलं तयार दूध आलं तेव्हा ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली होती, “खोक्यातलं दूध वापरणाऱ्या बाईनं नवराही दुकानातूनच आणावा.” सगळ्या हसल्या. ज्यांच्या घरात खोकी होती त्या जरा जास्तच हसल्या. मैमुना मात्र म्हणाली होती, “जपून बोल गं, हात सगळ्यांचे म्हातारे होतात.” झुहरानं ऐकलं नाही. मीही नाही. मी तर खूश होतो.

मागच्या रमजाननंतर झुहराचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना. माझ्यावर बसली, वाटी दाबली, आणि तोंडातून असा आवाज निघाला की मला वाटलं मीच चावलो. चावलो नव्हतो, शपथ. रुकिया म्हणाली, “आई, मशीन आणू या, नाहीतर मी खोवते.” झुहरा म्हणाली की तू शाळेत मुलं सांभाळ, माझा बोकड मी सांभाळीन. रुकिया सकाळी जायची, दुपारी परतायची. मधला वेळ आमच्या दोघांचा.

मग एका सकाळी झुहरानं कोळशाच्या पोत्यातून खोकं काढलं. खोक्यातलं दूध. मी बघतच राहिलो. तिनं दार लोटलं, माझ्यावर बसली, डाव्या हातात एक रिकामी करवंटी घेतली, चाटूनपुसून साफ, आणि माझ्या दातांवर घासायला लागली.

खर्र, खर्र, खर्र.

गल्लीसाठी. कॉफीवाल्यासाठी. शिंप्यासाठी. नावासाठी.

माझ्या दातांना त्या दिवशी पहिल्यांदा करवंटी लागली. मी म्हणजे माणसांना आडवं पाडणारा, नखं खरवडणारा, सगळ्यांची टर उडवणारा, पण तेव्हा मला हसू आलं नाही. बाई खाली बघत होती आणि मी पुढे बघत होतो, दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. खोकं तिनं शेगडीत जाळलं. रस्सा झाला. लोक बोटं चाटून गेले, आणि तेच तर वाईट झालं. एकानं जरी नाक मुरडलं असतं तरी आम्ही वेळेवर सुटलो असतो.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. कुणाला संशय येतोय का म्हणून तिनं शिंप्याकडे बघितलं, रुकियाकडे बघितलं, सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. पण लबाडी करणारा माणसांकडेच बघतो. कोंबड्यांकडे कोण बघतो? त्या यायच्या. खरखर ऐकली की मधल्या दारातून येऊन रांगेत उभ्या राहायच्या, मान तिरकी करून वाट बघायच्या, आणि काही न मिळता परत जायच्या. झुहरा न बघता हातानं हुसकायची. अंडी मात्र येतच होती.

अशात मैमुनाचा मुलगा फामाऊ बोटीवरून सुट्टीला आला. शुक्रवारी नमाजनंतर बी झुहराच्या, म्हणजे आमच्या झुहराबाईंच्या, हातचं जेवणार, असं त्यानं बंदरावरच जाहीर केलं म्हणे. गुरुवारी संध्याकाळी मैमुना काखेत कोंबडी घेऊन आली. जुन्या रांगेतली, पिवळ्या पायांची. “घे,” म्हणाली, “हातात घेऊन तर बघ.”

झुहरानं घेतली. “बारीक वाटते गं.”

“वाटते ना?” मैमुना म्हणाली. “मलाही वाटते.” आणि निघून गेली.

शुक्रवारी सकाळी झुहरानं खरे नारळ फोडले. मला वाटलं, चला, बाई सुधारली. तिनं खरोखर प्रयत्न केला. दात खाऊन, ओठ चावून अर्धी वाटी खोवली. मी जमेल तितका मऊ झालो. लोखंडाला मऊ होता येत नाही हे मला तेव्हा कळलं. मग हात सटकला आणि बोटाचं कातडं माझ्या दातात आलं. तिनं ते बोट तोंडात घातलं. मग उठून कोळशाच्या पोत्यात हात घातला.

आणि पुन्हा ती रिकामी करवंटी.

खर्र, खर्र. कोंबड्या आल्या. उंबऱ्यापाशी रांग लागली, एक जागा मोकळी. आणि रांगेच्या मागे मैमुना, ओंजळीत अंडी घेऊन.

झुहरानं तिला पाहिलं. थांबायला हवं होतं, पण हात थांबेना. मैमुना बघतेय, कोंबड्या बघताहेत, आणि ही घासतेच आहे, जणू थांबली तर मघापासूनचं सगळं खोटं ठरेल. कितीतरी वर्षांत मला जमिनीत पुरून घ्यावंसं वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं.

मैमुनानं अंडी खाली ठेवली. पुढे आली, झुहराच्या हातातली करवंटी काढून घेतली, उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. कॉफी प्यावी इतकी स्वच्छ. झुहराच्या काखेत हात घालून तिला उठवलं, पहिल्या दिवशी उठवलं होतं तसंच, आणि स्वतः माझ्यावर बसली. मैमुना काही हलकी बाई नाही. मी करकरलो. एरवी पाय मिटून तिलाही लोळवलं असतं, जुनी चपराक वसूल केली असती. पण पाय घट्ट रोवून उभा राहिलो.

तिनं सगळे नारळ खोवले. झुहरा तिच्या बाजूला नुसती उभी, हात पदरात. कीस कुस्करला, पिळला, जाड दूध वेगळं, पातळ वेगळं. चोथ्याचा गोळा उंबऱ्याबाहेर फेकला तेव्हा कोंबड्या अशा तुटून पडल्या की बघवेना. झुहरानं तोंड फिरवलं.

पळी मात्र मैमुनानं झुहराच्याच हातात दिली, डाव्या.

फामाऊ आला, जेवला, भाताची खरवडसुद्धा मागून घेतली. “बी झुहरा, अख्ख्या दर्यावर फिरलो, पण हात म्हणावा तर तुमचाच,” असं म्हणाला. झुहरानं ताटाकडे बघत मान हलवली. मी चुलीमागे मिटून उभा होतो. तिथूनही तिचे कान लाल दिसत होते.

आता माझ्यावर मैमुना बसते. माझे दात करवंटीनं बोथट झालेत, लोहाराकडे न्यायचं म्हणून रुकिया रोज म्हणते आणि रोज विसरते. तुमच्या घरी माझ्या जातीतला कुणी असेल तर एवढं करा: त्याला खोबरं देऊ नका वाटलं तर, अडगळीत टाका, चुलीत घाला, पण रिकाम्या करवंटीवर घासू नका. आम्ही लाकडाचे असलो तरी आम्हाला लाज वाटते.

पण त्या दुपारचं शेवटचं बोलणं सांगायचं राहिलं. फामाऊ गेल्यावर दोघी परसात भांडी घासत बसल्या होत्या. झुहरानं हळूच विचारलं, “तुला कधी कळलं?”

“कोंबड्यांना पहिल्या दिवशी. मला दुसऱ्या.”

“मग अंडी का पाठवत राहिलीस?”

“कोंबड्या घालत राहिल्या म्हणून.”

झुहरा घासून झालेलंच पातेलं पुन्हा घासू लागली. मग म्हणाली, “खांदा गेला माझा, मैमुना. कुणाला सांगणार होते?”

मैमुनानं हातातली राख झटकली. “भिंतीला भिंत लावून जन्म काढला आपण. करवंटीला सांगितलंस, बोकडाला सांगितलंस, आणि मला तेवढं सांगता आलं नाही?”