एकच वायर, दोन माईक

मी माईक बोलतोय. आजवर माझ्यात तोंड घालून दुसरेच बोलले; आज जरा मला बोलू द्या.

जन्म कारखान्यातला. पोटात एक चुंबक, त्याच्यापाशी केसाएवढ्या तारेचं वेटोळं आणि वर पातळ पडदा. आवाजाने पडदा हलतो, तार हलते आणि तुमचं बोलणं वायरीतून स्पीकरकडे निघतं. डोक्यावर जाळीचा गोळा, कारण मी स्टेजवरचा गडी.

माझा मालक साउंडवाला. बारा वर्षं त्याच्याबरोबर सभागृहं पालथी घातली. पण माणसांची एक सवय मला कधी उमगली नाही. माईक हातात आला की आधी त्याच्या टाळक्यात टपली मारायची, मग फुंकायचं आणि मग विचारायचं, "आवाज येतोय का?" एका अध्यक्षांनी तर मला उलटा धरून वीस मिनिटं भाषण ठोकलं. टाळ्या भरपूर पडल्या. पुढे एका गायकाने मला ऐटीत वर फेकलं आणि झेलायचं विसरला. तेव्हापासून जाळीला पोचा आहे.

मग मालकाने घरातल्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला. त्याची बायको दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. तिच्यासाठी नवा माईक आला. माझाच सख्खा भाऊ, पोटातलं यंत्र जवळजवळ तेच. फक्त डोकं चपटं. पण खोक्यावर 'स्टुडिओ' लिहिलेलं ना! मालक त्याला मऊ फडक्याने पुसायचा. माझ्याकडे बघून मात्र म्हणाला, "याला आता विकून टाकू." क्रीडासंकुलातला निवेदक संध्याकाळी मला न्यायला येणार होता.

"दोघांच्या आवाजात एवढा काय फरक आहे?" बायकोने विचारलं.

"जमीन-अस्मानाचा! थांब, ऐकवतोच."

खोलीत मालकाचे वडीलही होते, निवृत्त मुख्याध्यापक. सहा महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि उरली नुसती कुजबूज. तीही त्यांच्या तोंडाशी कान नेला तरच ऐकू यायची. कंटाळून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. काही हवं असलं की पाटीवर लिहायचे.

मालकाने आम्हा भावांना शेजारी उभं केलं. माझ्यासमोर एक उतारा वाचला. मग खुर्ची सरकवून तोच उतारा भावासमोर वाचला आणि डोळे मिटून दोन्ही रेकॉर्डिंग स्पीकरवर ऐकली.

"पहिला बघ, कसा भसाडा! आणि हा दुसरा… अहाहा! मखमल आहे, मखमल!"

"मला तर सारखेच वाटले. दुसरा जरा लांबून येतोय, एवढंच."

"तुझे कान अजून तयार नाहीत."

बाबा मघापासून पाटी हलवत होते. "थांबा ना, बाबा," मालक वळूनही न बघता म्हणाला.

शेवटी बाबा उठले. त्यांनी मला स्टँडवरून खसकन ओढलं आणि ओठ जाळीला टेकवले. आमच्या जातीचं असं आहे: लांबचं फारसं मनावर घेत नाही, पण कुणी अगदी जवळ आलं, की कुजबुजीलाही खर्ज चढतो.

"गाढवा! वायर याच्यातच आहे. बदललीच नाहीस!"

खोली दणाणली. खरंच, वायर एकच होती आणि ती माझ्यातून काढून भावाला लावायचं मालक विसरला होता. भसाडाही मीच, मखमलही मीच!

पण हसायचं कुणाला सुचलं नाही. मालक तोंड उघडं टाकून वडिलांकडे बघत राहिला.

"असा बघतोस काय? गाढवच म्हटलं," बाबा म्हणाले. या खेपेला जरा लाडाने.

निवेदकाला 'येऊ नका' असा फोन गेला. पुढे दुसरी वायर आणून नीट परीक्षा झाली. भाऊ वरच्या सुरात किंचित स्वच्छ, मी किंचित जाड. त्याला स्पंजची टोपी चढवली, की कुठला आवाज कुणाचा, हे मालकालाही ओळखू येत नाही. हे तो फक्त बायकोपाशी कबूल करतो.

आता माझा मुक्काम बाबांच्या आरामखुर्चीवर, शेजारी छोटा स्पीकर. तुमच्याकडे मागणं एवढंच, की टपली मारू नका, फुंकू नका. जवळ या आणि बोला.

बाबा तर बोलतच असतात. चहा निवला, पेपर कुठे गेला, पंखा बंद करा. मालकाची आई स्वयंपाकघरातून रोज करवादते, "अहो, ओरडू नका, ऐकू येतंय मला!" पण मुलगा स्पीकरचा आवाज कमी करायला उठला, की तीच हात पुसत दाराशी येते आणि म्हणते, "राहू दे रे."