मेंदूत सांडलेला धागा

मित्रांनो, मी एक जुना, तुटका धागा आहे. शाळेत ज्याला डीएनए म्हणतात, तोच मी. राणीसावरगावच्या धम्मपालच्या मेंदूत, चेहरे ओळखणाऱ्या वस्तीत माझी पेशी होती. तिच्या पोटात गुंडाळी करून मी बसायचो आणि हुकूम सोडायचो. ते पोचवायला आरएनए नावाची माझी धाकटी बहीण होती. बाहेरचं जग मी पाहिलं नव्हतं आणि मला हौसही नव्हती.

धम्मपाल बऱ्याच वर्षांनी पुण्याहून गावी आला होता. उन्हामुळे तोंडाला रुमाल बांधून तो भाची संघप्रियाला शाळेतून मोटारसायकलवर घरी आणत होता. पोरीला खोकला झालेला, म्हणून त्याने गारीगार घेऊन दिलं नाही. तिने भोकाड पसरलं. त्याच आठवड्यात मोबाईलवर एक खोटा निरोप फिरत होता, पोरं पळवणारी टोळी आली म्हणून. फाट्यावर बसलेल्यांना तेवढं पुरलं.

"धरा! पोरगी पळवून न्यायलाय!"

"आवो, माझी भाची हाय ती..." धम्मपालचं बोलणं रुमालातच राहिलं. दगड आले, लाथा आल्या. तो खाली पडला तरी त्या थांबेनात. मग दत्ताने बैलगाडीच्या कडेचा उभा दांडा, म्हणजे उभारी, उपसली आणि त्याच्या डोक्यात घातली. हा दत्ता लहानपणी धम्मपालबरोबर एकाच विहिरीत पोहायला शिकलेला! धम्मपालचा रुमाल सुटला तेव्हा दत्ताच्या हातातली उभारी गळाली.

"आरं देवा, ह्यो तर आपला धम्या!"

तोवर माझी पेशी फुटली होती. मी आणि बहीण उघड्यावर सांडलो.

मेंदूत राखणदार पेशी असतात. गुणी आहेत बिचाऱ्या. केरकचरा उचलतात, विषाणूंना मारतात. पण विषाणूही असलेच धागे घेऊन घुसतो. आम्हाला दाराबाहेर पाहिलं आणि त्यांची माथी भडकली. मी इथलाच आहे, हे कोण ऐकतो! त्यांनी जी आग ओकली, तिच्यात शेजारच्या धडधाकट पेशी फुटल्या. त्यांचे धागे सांडले. ते पाहून राखणदार आणखी पिसाळले. बहीण मुळातच अल्पायुषी, ती त्या धुमाळीत संपली. मेंदू सुजला, कवटी काही ताणली जात नाही, आणि धम्मपालला झटक्यांवर झटके येऊ लागले. दत्ताचा घाव एकच होता. पुढची जाळपोळ घरच्याच राखणदारांनी केली.

परभणीच्या दवाखान्यात शुभदा डॉक्टरांनी कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून दिली.

"माझा भाऊ वाचंल न्हवं, बाई?" धम्मपालची बहीण सुकेशनी त्यांना विचारत होती.

"आतली सूज उतरू द्या, ताई. सगळं तिच्यावर आहे."

सूज उतरायची तर आम्हा सांडलेल्या धाग्यांना संपणं भाग होतं. शरीराजवळ त्यासाठी एक कात्री असते. ती सुटे धागे बारीक कापत फिरते. मला मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी तिच्यापुढून पळालो नाही. एकेक तुकडा कापला गेला तशी आग मंदावली.

आज धम्मपालने डोळे उघडले. समोरच्या पोरीकडे तो परक्यासारखा पाहत राहिला.

"मामा, मला गारीगार नको," ती रडत म्हणाली. आवाज ऐकताच त्याने तिला जवळ ओढलं.

पलंगाच्या पायथ्याशी दत्ता हात जोडून उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. धम्मपालने त्याचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. चेहरे ओळखणारी आमची ती वस्ती मात्र जळून गेली होती.

"कोण रे बाबा तू?" त्याने मायेनेच विचारलं.

दत्ताने त्याच्या पायांवर डोकं टेकलं.

मित्रांनो, माझा आता जेमतेम एक तुकडा उरला आहे आणि कात्री जवळ आली आहे. जाताना एवढंच मागतो. हात उचलण्याआधी समोरच्याला हाच प्रश्न विचारा. फाट्यावर तो कुणी विचारला असता, तर मी अजून माझ्या घरात असतो.