रंगवलेल्या होडीची किंमत

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. नदीच्या या काठावरची माणसं त्या काठाला पोचवणं हाच माझा जन्मभराचा धंदा. माझं कौतुकही पुष्कळ झालं आणि हेटाळणीही. पण माझी किंमत ठरली त्या दिवसांइतके वाईट दिवस मी भर पुरातही पाहिले नव्हते.

एका तिरसट सुतारानं मला घडवलं. फळी मनासारखी बसली नाही की तो ती उखडायचा आणि शिव्या मात्र मला द्यायचा. म्हणून तर मी टिकले. माझा मालक नावाडी होता. दरवर्षी तो मला काठावर पालथी घालायचा, फटींत कापूस ठासायचा, पोटभर तेल पाजायचा. त्याची बायको म्हणायची, "एवढं तेल कधी माझ्या डोक्याला लावलं नाहीत!" मालक हसायचा आणि माझ्यावर आणखी एक हात फिरवायचा.

एके दिवशी धक्क्यावर उतरताना त्याचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर झालं तर पुन्हा चालू लागेल, नाहीतर जन्माची खाट. घरात विकण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे मी.

दवाखान्यात पडल्यापडल्या मालकानं माझी किंमत बांधली. नवी होडी केवढ्याला पडते, माझं वय किती झालं, कोणत्या फळ्या बदलाव्या लागतील, सगळं त्यानं प्रामाणिकपणे वजा केलं. उरलेला आकडा त्याला लाजवणारा नव्हता आणि गिऱ्हाइकाला बुडवणाराही नव्हता. ऑपरेशन त्यात बसत होतं.

मग मालकाचा धाकटा भाऊ उगवला. "वहिनी, एक रंगाचा हात मारा. नटवल्याशिवाय कोण बघतंय?" त्या भोळीनं उसना ब्रश आणला आणि मला नखशिखांत निळी करून टाकलं. मित्रांनो, आमच्या काठावर विकायची होडी कोणी रंगवत नाही. उघडं लाकूड दाखवतात. रंगवली म्हणजे आतून कुजली, असाच सगळ्यांचा समज. घरातली होडी कधी विकलीच नव्हती, त्यामुळे हे तिला ठाऊक नव्हतं. दिराला पक्कं ठाऊक होतं.

मालकाला हातगाडीवरून काठावरच्या घरी आणलं, तेव्हा मला बघून त्याचा चेहरा उतरला. पण बायकोचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि ती लहान मुलीसारखी विचारत होती, "कशी दिसतेय?"

"झकास," तो म्हणाला. त्याच्यानं तिचं मन मोडवलं नाही. त्या एका शब्दानं आम्हा तिघांचा घात केला.

पहिला आला तो मासळीचा व्यापारी. त्यानं नखानं रंग टोकरला. "बाई, म्हातारीला नवरी करून उभी केलीत की! आत काय काय सडलंय?"

खिडकीतून मालक ओरडला, "काही सडलेलं नाही! टोचून बघा!"

"तुम्ही खाटेवरून सांगणार आणि आम्ही बुडून बघणार होय?" व्यापारी म्हणाला. काठावरचे सगळे खो खो हसले. तो निम्मी किंमत सांगून गेला. दुसऱ्यानं त्याच्याही निम्मी सांगितली. तिसऱ्यानं नुसतीच लाथ मारून पाहिली.

त्या संध्याकाळी मालकानं तिला खरं काय ते सांगितलं. ती पत्र्याचा तुकडा घेऊन मला खरवडायला धावत आली. दीर आडवा आला. "आता खरवडलीत तर लोक म्हणतील, चोरी पकडली म्हणून पुसताहेत." तिचा हात तिथेच थांबला. मग तो हळूच म्हणाला, "मीच घेतो ना. सरपणाचा भाव देतो. घरची वस्तू घरात राहील." डॉक्टरांनी दिलेली तारीख तोंडावर आली होती. तिनं मान हलवली, वर त्याचे आभारही मानले. त्या पैशांत औषधं आली आणि संपली. ऑपरेशन झालं नाही.

दिरानं मला खरवडलं. खालून खणखणीत लाकूड निघालं. तोच व्यापारी पूर्ण किंमत घेऊन धावत आला. "विकायची नाही," दीर म्हणाला. मालकानं ते ऐकलं आणि बायकोला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना खुशाल ठोकून बघा, टोचून बघा. लाकडाला राग येत नाही. पण विकणाऱ्याला हसू नका, त्याची खाट जवळच असते. आणि आपल्या माणसाशी गोड खोटं बोलू नका. मी तर म्हणते, रडवा, पण खरं सांगा.

मालकीण आता पलीकडच्या काठावर भांडी घासायला जाते. उतारू नेणारी दुसरी होडी नाही, म्हणून माझ्यातूनच जाते. पहिल्या दिवशी दीर मोठ्या मनानं म्हणाला, "वहिनी, घरच्यांना अर्धं भाडं." तिनं पुरतं भाडं त्याच्या हातावर ठेवलं. माझ्या तळाशी पाणी साचलेलं दिसलं, तशी ती खाली बसली आणि जुन्या सवयीनं डब्यानं ते उपसू लागली. दीर बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो डबा तिच्याच जागेपाशी ठेवू लागला. भाडं तो अजूनही घेतो.