अडतिसावं विमान

मित्रांनो, मी एक जुनी उड्डाणवही आहे आणि मी चिडलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवार आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. आज ते मला जमणार नाही.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. वैमानिकाने कोणतं विमान, कोणाबरोबर, किती वेळ उडवलं हे लिहून ठेवायला मला छापलं आणि मी हंबीररावांच्या हाती आले. कुरुंदवाडचा हा पंचवीस वर्षांचा गडी लढाईवर गेलाच नाही. त्याचा हात इतका स्थिर होता की वरिष्ठांनी त्याला जोधपूरला शिक्षक म्हणून ठेवून घेतलं. बिनछपराच्या छोट्या विमानात पुढे ते बसत आणि मागे शिकाऊ पोरगा.

पोरगा तयार झाला की हंबीरराव विमान थांबवून खाली उतरत. त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणत, "जा. मी हितंच हाय." पोरगा पंजाबचा असो की बंगालचा, एवढं सगळ्यांना कळायचं. तो एकटा आभाळात फिरून चाकं जमिनीला टेकवेपर्यंत हंबीरराव उन्हात उभे राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत. मग माझ्यात त्याच्या इंग्रजी नावापुढे तांबड्या शाईने एकच मराठी शब्द लिहीत: 'सुटला'. अशी सदतीस पोरं त्यांनी सोडली आणि सदतीसही धड खाली उतरली.

युद्ध संपलं. हंबीरराव कोल्हापुरात राहायला आले, संसार केला. पोरगा सयाजी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत लागला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा हंबीररावांना एकच प्रश्न विचारायचा.

"तात्या, लढाईत किती विमानं पाडली?"

"एक बी न्हाय. मी पोरं शिकवत हुतो."

"आसं व्हय," म्हणून पाहुणा क्रिकेटकडे वळायचा. पन्नास वर्षं मी हे ऐकलं. पाडणाऱ्याचं कौतुक आणि शिकवणाऱ्याला चहा, हा कुठला न्याय, तुम्हीच सांगा. पुढे पुढे तात्यांनी त्याबद्दल बोलणंच सोडलं. सूनबाई शालूबाईंचा मिक्सर डगमगायचा, तर त्याच्या पायाखाली मला सारलं. चटणीचं तेल अजून माझ्या पुठ्ठ्यावर आहे.

१९९४ साली मात्र तात्यांनी मिक्सर उचलून मला बाहेर काढलं. त्या दिवशी नऊ वर्षांची नात मोना मैदानावर सायकल शिकली होती. तात्यांनी मागची सीट धरली होती, ती सोडली, आणि मोना पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंत शहात्तर वर्षांचा तो माणूस उभा राहिला. घरी येऊन त्यांनी तांबड्या पेनने लिहिलं: 'मोना. सायकल. सुटली.'

"तात्या, ह्यात तर विमानवाल्यांची नावं हाईत," मोना म्हणाली.

"मग? तू काय कमी हायस?" दुसऱ्या दिवशी मी परत मिक्सरखाली गेले.

२००६ साली, दोन वर्षं अंथरुणाला खिळून, तात्या गेले. दारात जमलेले शेजारी म्हणाले, "सुटला म्हातारा." त्यांच्या मनात दयाच होती. पण तो शब्द तात्यांनी माझ्यात कशासाठी लिहिला होता, हे त्यातल्या कोणाला माहीत होतं?

तेवढ्यात चौकातल्या मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह आले. तात्यांची लढाईतली काही खूण शोधत त्यांनी मला मिक्सरखालून ओढलं, पानं उलटली. नावं वाचायचे कष्ट घेतले नाहीत, फक्त तांबडे शब्द मोजले. "सुटला, सुटला, सुटला... म्हंजे मेलेच की! अडतीस! सयाजीराव, तुमचा बाप वाघ हुता आन् आमाला पत्ताच न्हाय."

तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाला, पंचगंगेच्या घाटावर फ्लेक्स लागला: 'अडतीस शत्रुविमाने पाडणारा कोल्हापूरचा वाघ.' चित्रात जेट विमान. तात्यांच्या काळी आपल्याकडे ते नव्हतंच. तात्यांचा फोटो लहान, विजयसिंहांचा मोठा. चौकाला हेच बिरूद लावून नाव द्यायचं, असंही तिथे जाहीर होणार होतं. माझी तर संतापाने बांधणी सुटायला आली.

मोना बापाला म्हणाली, "पप्पा, हे खोटं हाय. उद्या दगडावर कोरतील."

"असू दे गं. मेलेला माणूस मोठा हुतोय, तुझं काय जातंय?"

विजयसिंहांनी भाषणात मला उंच धरलं. "ह्यो पुरावा!"

दोनशे माणसांतून मोना पुढे गेली आणि तिने मला त्यांच्या हातातून घेतलं. मोठ्याने एकेक नाव वाचलं. बॅनर्जी. गुरबचन. डिसूझा. सदतीस नावं वाचून ती थांबली.

"ही आपलीच पोरं हाईत. तात्यांनी त्यांना उडायला शिकवलं. आन् अडतिसावं विमान मी हाय. सायकलवरची. मला पाडलं न्हाय, सोडलं."

"पोरी, फ्लेक्स छापून झालाय की," विजयसिंह म्हणाले.

मग सयाजी उठले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवू नका. तुमच्या घरातला म्हातारा अजून बोलतोय तोवर त्याच्याजवळ बसा. त्याने काय केलं ते विचारा, आणि त्याचं उत्तर छोटं वाटलं तरी पुरतं ऐका. मेल्यावर त्याला वाघ बनवायला येऊ नका. तो माणूस होता, तेवढं पुष्कळ होतं.

त्या संध्याकाळी मोनाने माझं शेवटचं पान उघडलं आणि तांबड्या पेनने लिहिलं: 'तात्या. सुटले.' शालूबाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. पण मोना अंगणात जाऊन उभीच राहिली.