शून्यांच्या जागी एफ

उद्यमनगरात हंबीररावांची फाउंड्री होती. सत्त्याऐंशी साली त्यांनी भट्टीचं तापमान दाखवणारा कॉम्प्युटर बसवला आणि त्याचा प्रोग्राम लिहायचं काम कुलसुम मुजावरकडं दिलं. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली मुलगी, बोलायला कमी, पण हाती घेतलेलं काम न सोडणारी.

तेराशे अंशांपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. त्याच्या थोडं वर गेलं, की पडद्यावर शून्याखालचा आकडा यायचा. समोर भट्टीत लोखंड पाण्यासारखं हलतंय, आणि कॉम्प्युटर म्हणतोय बर्फापेक्षा गार!

"बाई, तुमच्या यंत्राला थंडी वाजाय लागली," भट्टीवरचे मिस्त्री आकाराम म्हणाले. हंबीरराव मात्र हसले नाहीत. "सोमवारी मोठं ओतकाम हाय. त्याच्या आत हुतंय का सांगा, न्हायतर जुन्या पद्धतीनं डोळ्यानं बघून ओततो."

कुलसुमनं आपला प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला. तापमान काढायची ओळ एकच होती: भट्टीतल्या तापमान मोजणाऱ्या तारेकडून आलेल्या आकड्याला चाळिसानं गुणायचं, मग पंचविसानं भागायचं. त्यात चुकायला जागाच दिसेना.

मग तिला आठवलं, की कॉम्प्युटरसोबत आलेल्या डिबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या साधनात, प्रोग्राम उलगडून बघायची सोय आहे. आपण लिहिलेलं नव्हे, तर यंत्र प्रत्यक्ष जे करतं ते. तिनं ती कधी वापरली नव्हती. दुपारी तिनं केबिनचं दार लोटलं, 'यू' हे अक्षर दाबलं आणि पडदा हिरव्या ओळींनी भरून गेला.

तिची ती एक ओळ तिथं नव्हतीच. तिच्या जागी बारीक बारीक हुकूम होते. हा आकडा उचल. इथं ठेव. गुण. भाग. परत ठेव. आपण एका दमात लिहिलेलं वाक्य कुणीतरी इतक्या शांतपणे, पावलापावलानं पाळत होतं, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. 

चौदाशे अंशांना येणारा आकडा तिनं हातानं भरला आणि एकेक हुकूम चालवायला लागली. गुणाकार झाला. उत्तर पस्तीस हजार. यंत्रानं ते आकडे ठेवायच्या दोन घरांत मांडलं होतं: खालच्या घरात आकडा आणि वरच्या घरात शून्यं. तिनं कागदावर पडताळलं. अगदी बरोबर होतं!

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "ह्याला येतंय की!"

तिनं पुढचा हुकूम चालवला. वरच्या घरातली शून्यं गेली आणि त्या जागी सगळे एफ उभे राहिले. खालचं घर एकट्यानं पुरेल एवढाच आकडा आहे असं तिनं प्रोग्रामात सांगितलं होतं. पण एकट्या घरात साधारण पावणेतेहतीस हजारांच्या वरचा आकडा शून्याखालचा धरला जातो, म्हणून यंत्रानं वरच्या घरात शून्याखालच्या आकड्याची खूण, म्हणजे सगळे एफ, भरून टाकली होती. खरं उत्तर क्षणभर तिथं होतं. तिच्याच शब्दाखातर ते पुसलं गेलं होतं.

 चूक सापडल्याचा आनंद होताच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. तिनं तोच हुकूम पुन्हा चालवला. पुन्हा शून्यं, पुन्हा एफ. दर वेळी तितक्याच निमूटपणे; तिनं चुकीचं सांगितलं तरी यंत्र तेच पाळत होतं.

प्रोग्रामात आकड्याला मोठी जागा द्यायला पाच मिनिटं लागली. भट्टी तापली. तेराशे पार झाले, साडेतेराशे, चौदाशे. पडदा खोटं बोलला नाही.

"झालं की वो!" आकाराम ओरडले. "काय केलंत, बाई?"

"त्याला नीट सांगितलं, एवढंच," कुलसुम म्हणाली.

हंबीररावांनी सोमवारचं ओतकाम पक्कं केलं आणि चहा सांगितला. चहा आला, तेव्हा कुलसुम परत केबिनमध्ये होती. आता शोधायचं काही नव्हतं. तरी तिनं प्रोग्रामचा दुसरा, कधीच न चुकलेला भाग उलगडला होता आणि कपाला हात न लावता एकेक हिरवी ओळ वाचत बसली होती.