चौदा नंबरची खाट

वकिलाने आपली चिठ्ठी भिंतीवर चिकटवली आणि निसटू नये म्हणून वर एक बुक्की हाणली. वकील म्हणजे वॉर्डाचा कारकून. कोणत्या पेशंटला कोणती खाट, हे ठरवणारा. जिभेला हाड नाही, म्हणून हे नाव.

सोमवारपासून खाटांचं वाटप नवा कॉम्प्युटर करणार होता. त्याआधी, तो बसवायला आलेल्या कॉम्प्युटरवालीने सगळ्यांना कामाला जुंपलं होतं: वॉर्डातलं जे कुठेच लिहिलेलं नाही, फक्त तुमच्या डोक्यात आहे, ते चिठ्ठीवर उतरवा.

"चौदा नंबर," ती वाचू लागली. "वायरमन म्हणतात पंखा कुरकुरतो. मावशी म्हणतात भिंतीला ओल. आणि तुमचं, ऑक्सिजनचं प्रेशर कमी?"

"फुगासुद्धा फुगायचा नाही."

मावशीने पदर तोंडाला लावला.

"मी सकाळीच सगळं तपासलं," कॉम्प्युटरवाली म्हणाली. "खाट ठणठणीत आहे."

"पाहुण्यांसमोर शहाण्यासारखी वागते ती."

या वेळी कोणी हसलं नाही. आठ महिन्यांपूर्वी चौदा नंबरवर मोठ्या सिस्टरांची मुलगी गेली होती. तेव्हापासून सिस्टरांची ड्युटी असली की ती खाट रिकामी राहायची. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याने त्याने आपापली थाप शोधली होती.

वकील आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, यादीतून गाळा ना ती. कारण विचारू नका."

"कारण टाकल्याशिवाय गाळता येत नाही. आणि टाकलेलं कारण सगळ्यांना दिसतं."

"कसलं कारण?"

दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्या भिंतीशी आल्या, चष्मा लावून तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या. मग पुन्हा पहिलीपासून वाचल्या.

"पंखा कुरकुरत नाही," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस बसले होते मी त्याच्याखाली."

मावशी फरशीकडे बघत राहिली. सिस्टरांनी तिन्ही चिठ्ठ्या हलकेच सोडवल्या, घडी घालून खिशात ठेवल्या आणि कॉम्प्युटरवालीला म्हणाल्या, "चौदाला दोष नाही, असं टाका. सोमवारचा पहिला पेशंट तिथेच द्या. मी आहे ड्युटीला."

मग वकिलापुढे त्यांनी एक कोरी चिठ्ठी धरली.

"पाच नंबरचा कठडा निसटतो. परवा म्हातारे बाबा पडता पडता वाचले. ते कोणीच लिहिलं नाही?"

"राहिलं खरं, सिस्टर."

"लिहा आता."

वकिलाने चिठ्ठी घेतली, सगळ्यांकडे पाठ केली आणि ती भिंतीवर टेकवून एवढीशी ओळ बराच वेळ लिहीत राहिला.